बोटसाहेबांचा कोट

"हात खाली ठेवा, साहेब. कच्चे टाके आहेत, उसवतील."

बोटसाहेबांनी हात खाली घेतला. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तो हात खाली आलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला. आरशासमोर ते ताठ उभे राहिले, पोट आत, हनुवटी वर. कोट नुसता कच्च्या टाक्यांवर होता, तरी असा बसला होता की आमचे मालक टाचण्यांची डबी हातात धरून बघतच राहिले.

"मास्तर, माझा खांदा कुठं गेला?" साहेबांनी विचारलं.

त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे. तयार कोट घातला की माणूस एका अंगाला कललेला दिसतो. म्हणून तर एवढा मोठा कारखानदार आमच्या बोळातल्या दुकानाची पायरी चढतो. त्या खांद्याखाली मी बेताची भर घालते आणि दोष झाकून टाकते. दुसऱ्यांचे दोष झाकण्यावरच तर शिंप्याचं पोट चालतं.

"खांदा आहे तिथंच आहे. फक्त दिसत नाही," मी म्हटलं.

साहेब खूश झाले. "शुक्रवारी टीव्हीवर चर्चा आहे. समोर कामगारांची ती पुढारीण. किमान वेतन वाढवा म्हणून ओरडणार. मी म्हणणार, आमचा कर कमी करा, पगार आपोआप वाढतील. पाणी वरून खाली येतंच की. काय मास्तर?"

"येतं ना. वरच्यांची टाकी भरली की येतं."

त्यांना ऐकू गेलं नाही. ते आरशात होते. मी पाठीवरून हात फिरवला, एक सुरकुती दिसली नाही, आणि माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. त्या कोटात मी काय करून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं आणि त्या कोटाला. तिसऱ्या कुणाला नाही.

बोटसाहेब हे नाव आमच्या धाकटीच्या कारखान्यातलं. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. साहेबांचा कारखाना भाज्या गोठवून पिशव्यांत भरतो, आणि धाकटी तिथे पॅकिंगच्या टेबलावर होती. साहेब बोलायला उभे राहिले की त्यांचा उजवा हात वर जातो आणि हाताच्या टोकाला पहिलं बोट. ते बोट आधी आभाळाकडे असतं, मग हळूहळू समोरच्या बाईच्या नाकावर येतं. कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्या बोटाची नक्कल करतात. हसण्यावारी नेलं नाही तर तिथे दिवस निघत नाही.

गेल्या वर्षी सरकारने कारखानदारांचा, दुकानदारांचा कर कमी केला. साहेबांनी सगळ्या बायकांना आवारात गोळा केलं आणि सांगितलं, आपला भार हलका झालाय, यात तुमचाही वाटा आहे. टाळ्या झाल्या. वाटा आला तो कपाच्या रूपाने. प्रत्येकीला चहाचा एकेक कप, त्यावर कारखान्याचं चित्र. धाकटीकडे त्या कपात आता दात घासायचे ब्रश असतात.

पण धाकटीला गप्प बसवेना. लहानपणापासून तिचं असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. कप वाटून झाल्यावर तिने हात वर केला आणि विचारलं, "साहेब, कप मिळाला. वाटा कधी मिळणार?"

बोट वर गेलं. आभाळात थांबलं. मग धाकटीच्या कपाळावर आलं आणि तिथून गेटकडे वळलं. "घाई असेल त्यांनी जावं. गेट तिकडं आहे."

ती गेली नाही. जाणार कुठे? नवरा दुसरीकडे संसार थाटून बसलेला, पोरगी बारावीला. दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगवरून काढून थंड खोलीत घातलं. तिथे हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात. वर्षभरात तिच्या उजव्या हाताची बोटं अशी सुजली की तिला कपाचा कान धरता येईना. डॉक्टर म्हणाले, गारठ्यातलं काम सोडा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी मनात म्हटलं, थांब बाबा. तुझं ते बोट पुन्हा माझ्या टेपखाली येईलच.

मालकांना माझ्या मनातलं काही माहीत नव्हतं. ते तसे वाईट नाहीत, दगडापेक्षा वीट मऊ. साहेब माप देऊन गेले त्या दिवशी दुकानात तोच विषय निघाला.

"मास्तर, ते किमान वेतन वाढलं ना, तर मला आपल्या काजवाल्याला घरी बसवावं लागेल. खोटं सांगत नाही," मालक म्हणाले.

"आणि कर कमी झाला तर?"

"तर तुमच्या पगाराचा विचार करीन."

"गेल्या वर्षी झाला होता ना कमी?"

मालकांनी डोकं खाजवलं. "झाला होता. विचारही केला होता. पण ट्रायलच्या खोलीत एसी बसवावा लागला. गिऱ्हाईकाला घाम आला तर कापड बिघडतं."

"म्हणजे माझी पगारवाढ त्या खोलीत वारा घालतेय."

ते हसले, मीही हसले. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "पण खरं सांगा, तुमच्या बहिणीला करातला काही फायदा होत नाही?"

"कर लागायला आधी पगार लागतो, मालक. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मालकांचं अगदीच चूक होतं असंही नाही. धाकटीनेच मला सांगितलं होतं की मागे एकदा किमान वेतन वाढलं तेव्हा बोटसाहेबांनी टेबलावरच्या दोघींना काढलं आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात मारलं. मी तिला विचारलं होतं, "मग तरी तुला वाढ हवी?"

"हवीच. त्या दोघींना वाढीनं नाही काढलं ताई, त्यानं काढलं. आणि कर कमी झाला तेव्हा तरी कुणाला आत घेतलं? पळसाला पानं तीनच. निदान वाढ झाली की ती माझ्या हातात येते, त्याच्या मर्जीवर नाही राहत."

या वेळी वाढ तिला पोरीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी हवी होती. भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी धाकटीच्या पगारात बसत नव्हती, माझ्या पगाराची भर घालूनही बसत नव्हती. वाढीव पगारात मात्र हप्त्याने बसत होती. संस्थेने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. शुक्रवारच्या चर्चेनंतर मंत्री निर्णय सांगणार होते. मी तर मालकांकडून सवलतीत पांढरं कापड घेऊन माझ्या फळीवर ठेवलंही होतं. भाचीचा पहिला गणवेश मावशीच शिवणार, दुसरं कोण?

आता त्या कोटाबद्दल. कोटाला बाही जिथे जोडतात त्या गोलाला आम्ही मुंढा म्हणतो. नवख्याला वाटतं, मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहील. नेमकं उलटं आहे. मुंढा काखेत वर, अंगाला लागून असला तर हात कितीही उचला, कोट जागचा हलत नाही. मुंढा खाली उतरवला की बाही कोटाच्या कुशीला बांधली जाते. मग हात वर गेला की अख्खा कोट त्याच्या मागोमाग चढतो, कॉलर कानाला भिडते आणि पोटावरचा शर्ट बाहेर डोकावतो. पण हात खाली आहे तोवर असा कोट फार देखणा दिसतो. फसवायचं असेल तर यासारखा काप नाही.

मी उजवा मुंढा चांगला दोन बोटं खाली उतरवला. खडूची इतकी सुंदर रेघ मी कित्येक दिवसांत ओढली नव्हती. कात्री चालवताना धाकटीची सुजलेली बोटं आठवत होती आणि मनातल्या मनात म्हणत होते, उचल आता. टीव्हीवर, सगळ्या दुनियेसमोर उचल. गळ्यापर्यंत कोटात बुडालेलं कासव बघू दे लोकांना.

ट्रायलला हात हलवू नका म्हणून सांगायचा आमच्याकडे रिवाजच आहे. त्यामुळे ती काळजी नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मी धाकटीच्या खोलीवर गेले. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघी आल्या होत्या. एक वजनकाट्यावरची, अंगाने भरलेली आणि तोंडाने मोकळी. दुसरी थंड खोलीतली, तिचे ओठ बाराही महिने फुटलेले. भाची पलंगाच्या कडेला बसून आईच्या हाताला तेल चोळत होती. टीव्ही सुरू झाला आणि बोटसाहेब दिसले. कोट दृष्ट लागेल असा बसला होता.

"मेला दिसतोय मात्र राजबिंडा," वजनकाट्यावरची म्हणाली.

"ताईनं शिवलाय," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात धार होती. मी साहेबांचे कोट शिवते हे तिला कधीच आवडलं नव्हतं.

"गंमत बघा आता," मी म्हटलं.

पुढारीण किडकिडीत होती, केस घट्ट बांधलेले. ती नीट बोलली. म्हणाली, "ज्यांचा पगार कर भरण्याइतकाही नाही, त्यांना करकपातीचा काय उपयोग? गेल्या वर्षी तुम्हाला सवलत मिळाली. तुमच्या कारखान्यात कुणाचा पगार वाढला ते सांगा."

आम्ही सगळ्या पुढे सरकलो. साहेबांचा चेहरा लाल झाला. आम्हाला तो लाल रंग पाठ होता.

"आलं! आलं बोट!" थंड खोलीतली ओरडली.

हात वर गेला. आणि हाताबरोबर कोट गेला. कॉलर कानांवर चढली, मान गायब झाली, पोटावर शर्टाचा पांढरा त्रिकोण उघडा पडला. बोट आभाळाकडे होतं आणि त्याखाली साहेब पोत्यात घातल्यासारखे दिसत होते. खोलीत एकच हशा उसळला. वजनकाट्यावरची तर पलंगावर लोळली. भाचीच्या हातून तेलाची बाटली सुटली.

"माझं काम आहे ते!" मला राहवलंच नाही. "मुंढा खाली उतरवलाय मी. आता त्या हाताला उचलायची सोय नाही!"

धाकटीने सुजलेल्या हातांनी माझा चेहरा धरला आणि माझ्या कपाळावर कपाळ टेकवलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आयुष्यात एवढी गोड संध्याकाळ दुसरी नाही, हे मी आजही सांगते. पण ती जेमतेम चहा निवेपर्यंत टिकली.

साहेबांना काहीतरी बोचलं असावं. त्यांनी हात खाली घेतला, कोट सारखा केला. थोड्या वेळाने पुन्हा हात उचलायला गेले, आणि कोपरापाशीच थांबले. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक. आणि हात मांडीवर गेले तसा त्यांचा आवाजही खाली आला. बोटाशिवाय त्यांना ओरडताच येत नव्हतं, हे मला तरी काय ठाऊक?

"ताई, तुमचं म्हणणं मला समजतं," ते पुढारिणीला म्हणाले.

"ताई?" वजनकाट्यावरची उठून बसली. "हा कधीपासून ताई म्हणायला लागला?"

"कामगार म्हणजे माझं कुटुंब आहे," साहेब अगदी हळू, थांबून थांबून बोलत होते. "पण सक्तीनं पगार वाढवला तर लहान कारखाने माणसं कमी करतील. मला कुणालाच घरी पाठवायचं नाहीये. कर कमी करा, मी स्वतः पगार वाढवतो."

"खोटं आहे हे!" पुढारीण उसळली. "गेल्या वर्षीही हेच म्हणालात! बायकांना कप वाटलेत तुम्ही, कप!" तिने टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास कलंडला.

"तुम्ही चिडू नका, ताई. आपण शांतपणे बोलू."

चर्चा चालवणारा माणूस पुढारिणीकडे वळून म्हणाला, "बघा, ते किती संयमानं बोलताहेत. आपणही जरा आवाज खाली घ्यावा."

ती बाई रडकुंडीला आली. अक्षर न् अक्षर खरं बोलत होती, आणि वेडी दिसत होती. आणि चोर तिच्यासमोर मांडीवर हात ठेवून साधू झाला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आमच्या खोलीत कुणी हसत नव्हतं. चर्चा संपली. थंड खोलीतलीने चप्पल शोधायला सुरुवात केली. धाकटी टीव्हीकडेच बघत होती, तिथे आता साबणाची जाहिरात लागली होती.

"ताई," ती म्हणाली, "तो हात मी रोज बघते. आज सगळ्यांनी बघितला असता."

"मला वाटलं, लोक त्याला हसतील."

"हसायचं कशाला होतं? लोकांना भीती वाटायला हवी होती. आम्हाला वाटते तशी. बोट नाकावर आलं असतं, गेट तिकडं आहे म्हणाला असता, तो म्हटल्याशिवाय राहत नाही. तू त्याचा हात बांधून ठेवलास, आणि तो देवमाणूस झाला."

मी सांडलेलं तेल पुसून काढलं. घरी जाताना मला त्या माणसाचा जितका राग आला नव्हता तितका माझ्या कात्रीचा आला. आयुष्यभर त्याचा खांदा झाकला ते झाकलंच, आता त्याचा स्वभावही झाकून दिला.

मंत्र्यांचा निर्णय आठवड्यात आला. कर कमी झाला. वेतनवाढ सर्वांची सहमती होईपर्यंत पुढे ढकलली. सहमती घडवायला एक समिती नेमली. महिनाअखेर आली तशी गेली, आणि नर्सिंगच्या संस्थेने भाचीची जागा दुसऱ्या मुलीला दिली. धाकटीची बोटं आता पिशवीची गाठही मारू शकत नव्हती. कारखान्याने तिला काढलं नाही. त्यांनी उपकार केल्यासारखं सांगितलं, तुमच्या जागी मुलीला पाठवा. भाची पॅकिंगला जाऊ लागली. पांढरं कापड माझ्या फळीवर होतं तसंच राहिलं. मालकांनी दोनदा विचारलं, याचं काय करायचं. मी म्हटलं, राहू दे, खायला मागत नाही ते.

आणि मग एका सकाळी बोटसाहेब दुकानात आले. हातात त्याच कोटाची पिशवी.

"मास्तर, जादू आहे तुमच्या हातात! सगळे म्हणतात, त्या कोटात मी वेगळाच माणूस वाटलो. बायको म्हणते, घरीसुद्धा हाच घालत जा." ते मोठ्याने हसले. "अजून चार शिवायचे. माप हेच, काप हाच. पहिला लवकर हवा, समिती कारखान्यावर येतेय. सगळ्या बायकांसमोर बोलायचंय मला. टीव्हीवाले, पेपरवाले, सगळे असणार."

मालकांचा चेहरा फुलला. माझ्या अंगाला मात्र आग लागली. चार कोट! म्हणजे जन्मभर मी या माणसाला सभ्य करत बसायचं? ओठांवर आलं होतं, जा, दुसरा शिंपी बघा. पण शब्द बाहेर पडण्याआधी मला धाकटीचा चेहरा आठवला, साबणाच्या जाहिरातीच्या उजेडातला. मी गिळलं.

"शिवते," मी म्हटलं. "पण मापं पुन्हा घेते. हात जरा बाजूला करा."

तो कोट मी जसा शिवला तसा माझ्या हयातीत कुणाचा शिवला नाही. या वेळी मी काहीच लबाडी केली नाही. मुंढा काखेत वर घेतला, अंगाला लागेल इतका. बाहीचा वरचा गोल पसरट ठेवला, म्हणजे हाताला पुढे यायला जागा. पाठीला आतून चुण्या सोडल्या. खांद्यात भर घातली, पण फक्त दिसण्यापुरती, हाताला अडेल अशी नाही. काजवाला दोनदा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मास्तर, जावयाचा शिवताय का?"

"जावयापेक्षा जवळचा आहे," मी म्हटलं.

ट्रायलला साहेब आले. आरशासमोर हात खाली ठेवून उभे राहिले, शिकवल्यासारखे.

"हात वर करा, साहेब."

"मागच्या वेळी तर हलवू नका म्हणाला होतात."

"या वेळी पक्के टाके घालून आणलाय. करा वर. बोलताना करता तसा."

त्यांनी हात उचलला. आधी अर्धा, जरा बिचकत. मग पूर्ण. बोट बाहेर आलं आणि ट्यूबलाइटकडे गेलं. कोट तसूभरही हलला नाही. कॉलर मानेला चिकटून होती. साहेबांनी हात खाली आणला, पुन्हा उचलला, पुढे केला, बोट आरशातल्या माझ्यावर रोखलं आणि तिथून दाराकडे वळवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेलं काहीतरी सापडल्याचा आनंद होता.

"वा! आधीचा जरा आखडत होता, हं. मला वाटलं, वयामुळं माझाच खांदा धरला." ते म्हणाले, "हा कसा मोकळा आहे! यात माणूस मनासारखं बोलू शकतो."

"बोला," मी म्हटलं. "मनात असेल ते सगळं बोला."

मालकांनी कोट पिशवीत घातला. उरलेले तीन याच कापाचे करायचे असं ठरलं. साहेब पायऱ्या उतरेपर्यंत मी नम्रपणे उभी होते. मला कुणी तेव्हा विचारलं असतं की तुझ्या मनात काय आहे, तर मी खरं सांगितलं असतं. सूड आहे. तसाच आहे, थोडाही निवलेला नाही. फक्त आता तो नीट कापता येतो.

संध्याकाळी भाची आली. कारखान्याचा पांढरा कोट तिने घडी करून आणला होता. तिथे सगळ्यांना एकाच मापाचे कोट देतात. धाकटीला तो ढगळ व्हायचा, भाचीला तर त्यात दोनदा मावता आलं असतं.

"मावशी, जरा लहान करून दे ना. परवा समिती येतेय. पुढच्या रांगेत उभं करणार आहेत आम्हा नव्या मुलींना. आम्ही चांगल्या दिसतो म्हणे."

"दे इकडे."

तिने घातला. खांदे दंडावर उतरले होते, बाह्या बोटांवर. मी तिच्याभोवती टाचण्या लावत फिरू लागले. ती आरशात स्वतःकडे बघत होती. आईसारखीच हनुवटी.

"मावशी, परवा ते बोलायला उभे राहिले ना," ती हळूच म्हणाली, "की मी हात वर करणार आहे. विचारणार आहे, मागच्या वेळचा वाटा कुठाय."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी लगेच बोलले नाही. बरंच झालं. तोंड मोकळं असतं तर मी नको म्हटलं असतं.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, घाबरू नकोस. आणि हळू नको विचारूस."

मी कोट उतरवून घेतला. खांद्यांची शिवण उसवली, बाह्या सोडवल्या. ढगळ कोटाला मुंढा नुसता मोठा करून ठेवतात, कुणाच्याही अंगात जावा म्हणून. भोक आधीच मोठं कापलेलं, नवा मुंढा कापायला कापड कुठून आणायचं? मग उठले आणि फळीवरचं पांढरं कापड काढलं. नवीन कापड धुतलेल्या कोटापेक्षा शुभ्र दिसत होतं, पण काखेतली जोड कोण बघतं? ते लावून मी मुंढा वर घेतला, साहेबांच्या कोटाला घेतला होता तसाच, अंगाला लागून. मालक दुकान बंद करायला उभे होते. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले.

"घाल."

तिने घातला. बटणं लावली.

"हात वर कर."

तिने हात वर केला. सरळ, कानाला लागून, शाळेत उत्तर येणारी मुलं करतात तसा. कोट जागचा हलला नाही. मी चारी बाजूंनी बघितलं, काखेत बोट घालून बघितलं. कुठे ओढत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मी काही म्हणायची वाट बघत.

"खाली घे आता," मी म्हटलं. "दमशील."